शाळा कापलेली प्रिंट पडद्यावर लावू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रम समित्या

सप्रेम नमस्कार.

जुना अमेरिकी बी-वेस्टर्न, म्हणजे कमी खर्चात काढलेला गुराखी-घोड्यांचा चित्रपट, फिल्म सोसायटीच्या कार्यक्रमात बसवायला सोपा. लांबी तासाभराची, गोष्ट सरळ, आणि असे कितीतरी चित्रपट इंटरनेटवर फुकट. त्यामुळे कार्यक्रम ठरला की जी प्रत आधी हाताला लागते तीच उतरवून घेतली जाते आणि पडद्यावर जाते. ही प्रत पुष्कळदा तोडलेली असते. घोडे धावतात, गोळ्या सुटतात, चोर पकडला जातो. मधे एक मास्तरीणबाई दोनदा दिसते आणि शेवटी नायकाशेजारी येऊन उभी राहते. पाहणाऱ्याला वाटतं, या चित्रपटांत एवढंच असतं. शाळेचा वर्ग, मुलांचं गाणं, रँचवरच्या (गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावरच्या) जेवणाच्या टेबलावरची बोलणी, वासरांना तापल्या लोखंडाने मालकीचा डाग देण्याचा दिवस हे मूळ चित्रपटात होतं आणि आपल्यापर्यंत आलंच नाही, हे कळायला त्याला मार्ग नसतो.

आमचं मागणं एवढंच: बी-वेस्टर्न जरूर दाखवा, पण पूर्ण लांबीची प्रत मिळवून आणि तपासून दाखवा. ती मिळत नसेल तर दुसरा चित्रपट निवडा. तपासायचं कसं ते पुढे लिहिलं आहे.

आधी ही कात्री चालली कशी ते सांगतो. १९३०च्या आणि १९४०च्या दशकांत अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची चाल होती. वरच्या, म्हणजे मुख्य, चित्रपटाच्या गल्ल्यात कंपनीला टक्केवारी मिळे. खालचा, म्हणजे बी चित्रपट, थिएटरवाला ठरावीक भाड्याने आणी. तो कितीही चालला तरी कंपनीच्या हाती पडायची रक्कम तेवढीच, म्हणून खर्च आधीच आवळलेला. रिपब्लिक (१९३५ साली हर्बर्ट येट्स यांनी लहान कंपन्या एकत्र करून उभी केलेली), मोनोग्राम, पीआरसी या कंपन्या याच हिशेबावर जगल्या. आठवड्याभरात शूटिंग उरकायचं, तेही लॉस एंजेलिसच्या आसपास आयव्हर्सन रँचच्या खडकांत किंवा जरा लांब लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये. चित्रपट साधारण ५५ ते ७० मिनिटांचे.

टीव्ही आला तसा थिएटरमधला हा धंदा बसत गेला. रिपब्लिकने जुने वेस्टर्न टीव्हीला विकायला काढले. गाणाऱ्या गुराख्याच्या भूमिका करणारे नट रॉय रॉजर्स १९५१ साली त्याविरुद्ध कोर्टात गेले, आधी जिंकले, पण १९५४ साली अपिलात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यांच्यासारखेच गाणारे नायक जीन ऑट्री यांचाही दावा टिकला नाही. टीव्हीच्या एका तासात जाहिराती धरून चित्रपटाला ५३-५४ मिनिटं मिळायची, म्हणून सत्तर मिनिटांचा असो की साठ मिनिटांचा, चित्रपट ५४ मिनिटांवर आणला गेला. स्टेशनांना तो १६ मिमी प्रिंटवर जायचा. १६ मिमी फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते. ५४ मिनिटांची फिल्म भरते १,९४४ फूट. म्हणजे २,००० फुटी एकाच रिळात अख्खा चित्रपट, मधे रीळ बदलायची कटकट नाही. सगळ्यांची सोय झाली.

कापणाऱ्यापुढे घाईचं काम होतं, आणि घाईत कापताना आधी जातो तो स्वतंत्र सुरुवात-शेवट असलेला प्रसंग. मारामारीला हात लावला तर पुढचं समजत नाही. गाणं काढलं, विनोद काढला, वर्गात बाई फळ्यावर लिहिताहेत तो प्रसंग काढला, तर कथेचा धागा तुटत नाही. बी-वेस्टर्नमधलं रँचवरचं रोजचं जगणं नेमकं अशाच सुट्या प्रसंगांत असायचं. पुढे साठ-सत्तर वर्षं याच १६ मिमी प्रिंटांवरून व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि इंटरनेटवरच्या फायली होत गेल्या. आज फुकट मिळते ती प्रत बहुधा त्याच वंशातली.

उदाहरणादाखल एक चित्रपट घेऊ: ‘हार्ट ऑफ द रिओ ग्रांड’, रिपब्लिक, १९४२, दिग्दर्शक विल्यम मॉर्गन. जीन ऑट्री एका ड्यूड रँचचा फोरमन. म्हणजे शहरातले पैसेवाले पाहुणे पैसे मोजून गुराख्याचं आयुष्य अनुभवायला येतात ती जागा. तिथे शाळेतल्या मुलींचा एक गट येतो, त्यात एक लाडावलेली श्रीमंत मुलगी (ईडिथ फेलोज) आणि त्यांच्याबरोबर त्यांची शिक्षिका (फे मॅकेन्झी). जोडीला स्मायली बर्नेट. चित्रपट सत्तर मिनिटांच्या आतबाहेरचा. तो ५४ मिनिटांवर आणायचा तर पंधरा मिनिटं, म्हणजे पाचवा हिस्सा उडवावा लागतो. हा चित्रपट मुळात पाठलागाचा नाहीच. एका मुलीला रँचवर राहता येऊ लागतं, तिच्या शिक्षिकेला तिची नव्याने ओळख होते, आणि मधे गाणी येतात. यातला पाचवा हिस्सा काढल्यावर मुलगी एका प्रसंगात उद्धट आणि पुढच्यात शहाणी दिसते. बदल कुठे झाला ते सापडत नाही. समीक्षक मग पटकथेला दोष देतात. दोष कात्रीचा. ऑट्री यांनी आपल्या चित्रपटांचे हक्क आणि साहित्य जपलं होतं, त्यामुळे त्यांच्या चित्रपटांच्या पूर्ण लांबीच्या आवृत्त्या पुढे अधिकृत डिस्कवर आल्या. असं भाग्य फार थोड्या बी-वेस्टर्नच्या वाट्याला आलं.

आता तपासणी.

पहिलं काम मूळ लांबी शोधणं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या कॅटलॉगमध्ये बहुतेक चित्रपटांची लांबी मिनिटांत, आणि अनेकांची फुटांत किंवा रिळांत दिलेली आहे. तेव्हाच्या ‘मोशन पिक्चर हेराल्ड’, ‘फिल्म डेली’, ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या पत्रांतल्या परीक्षणांत मिनिटं छापलेली असत. यातले पुष्कळ जुने अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. आकडा फुटांत असेल तर ३५ मिमीसाठी ९० ने भागा: ५,४०० फूट म्हणजे ६० मिनिटं. दोन ठिकाणचे आकडे जुळले की खात्री धरायला हरकत नाही. मिनिटा-दोन मिनिटांचा फरक चालतो. सहा-सात मिनिटांचा चालत नाही.

इथे एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या पाल (टीव्ही प्रक्षेपणाच्या) पद्धतीच्या टेपवरून प्रत आलेली असेल तर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) पळतात. ६० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. ५६ मिनिटांचा चित्रपट ५३ मिनिटं ४६ सेकंदांवर येतो आणि टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीसारखा दिसतो, पण असतो पूर्ण. तेव्हा नुसती वेळ पाहून प्रत बाद करू नका, आणि नुसती वेळ पाहून पासही करू नका. पालवरून आलेल्या प्रतीत आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराला थोडी कमी इतकी चढलेली असते. गाणाऱ्या नायकाचे चित्रपट असतील तर कान तयार असलेल्या माणसाला ते लगेच कळतं. अशी प्रत ४ टक्के हळू चालवली की वेळ आणि सूर दोन्ही जागेवर येतात. हे काम साध्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये होतं.

वेळेनंतर जोड तपासा. १९३०-४० च्या बी चित्रपटात काळ किंवा जागा बदलली की बहुधा एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, नाहीतर पडद्यावर पट्टी सरकत गेल्यासारखं पुसलं जातं. विरघळणं सुरू होऊन मधेच तुटलं, किंवा रात्रीच्या खोलीतून थेट कोरड्या कटने दिवसाच्या मैदानावर आलो, तर तिथे काहीतरी गेलं आहे. नामावळीत चार मुलांची नावं आणि चित्रपटात एकही मूल बोलत नाही, हीसुद्धा खूण. शाळेची इमारत फक्त बाहेरून दिसते आणि आतला वर्ग एकदाही येत नाही, तर शंका घ्या, कारण सेट बांधून तो न वापरणं त्या खर्चात कोणाला परवडणारं नव्हतं.

प्रिंट झिजल्यामुळे गेलेला तुकडा आणि मुद्दाम कापलेला प्रसंग यांतला फरक कानाने ओळखता येतो. १६ मिमी फिल्मवर आवाजाचा पट्टा त्याच्या चित्राच्या २६ चौकटी पुढे असतो, ३५ मिमीवर साधारण २०. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या दारातून जाते, मग आवाजाच्या ड्रमवर पोचते. म्हणून फाटलेली प्रिंट जोडलेली असेल तर चित्र आधी उडी मारतं आणि १६ मिमीवर सेकंदभराने आवाज. मधल्या त्या सेकंदात गेलेल्या प्रसंगातला एखादा अर्धा शब्द नव्या चित्रावर ऐकू येतो. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच क्षणी बदलत असतील तर काप लॅबमध्ये, ठरवून, सगळ्या प्रिंटांसाठी घातलेला आहे. पहिल्या प्रकारात दुसरी प्रिंट शोधली तर तो तुकडा मिळू शकतो. दुसऱ्या प्रकारात त्याच टीव्ही आवृत्तीच्या आणखी दहा प्रती शोधून काही उपयोग नाही.

उजव्या वरच्या कोपऱ्यातले ठिपकेही बघा. रीळ बदलायची सूचना म्हणून ते असत: पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी, दुसरा अगदी शेवटी. ३५ मिमीचं २,००० फुटी रीळ साधारण २० मिनिटांचं. मूळ ३५ मिमीवरचे ठिपके पुष्कळदा १६ मिमी प्रिंटवरही उतरलेले असतात. दोन जोड्यांमधलं अंतर १८-१९ मिनिटं असेल तर ते रीळ बहुतेक शाबूत. ११-१२ मिनिटं भरलं तर कात्री त्याच रिळात फिरली आहे, आणि कुठे पाहायचं ते कळलं.

सुरुवातीची पाटीही काही सांगते. कंपनीचं बोधचिन्ह गायब, त्याजागी टीव्ही वितरकाची साधी पाटी, अक्षरांचं वळण पुढच्या नामावळीपेक्षा वेगळं: ही टीव्ही आवृत्ती. १९३३ ते ३५ मधल्या लोन स्टार कंपनीच्या, जॉन वेन नायक असलेल्या चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ नसायचंच. नामावळीवर थोडं वाजायचं आणि पुढे फक्त टापा, दारं आणि बोलणं. १९८०च्या दशकात व्हिडिओसाठी त्यांवर सिंथेसायझरचं संगीत चढवलं गेलं. ते ऐकू आलं की ती प्रत बाजूला ठेवा. शांततेत चाललेल्या प्रसंगाखाली सतत काहीतरी घुमत राहिलं की नटांची संथ बोलण्याची लय खोटी वाटू लागते.

रंगांबद्दल थोडक्यात. रिपब्लिकची ट्रूकलर ही १९४६ पासूनची दोन रंगांची पद्धत. रॉय रॉजर्सचे १९४७ पासूनचे अनेक चित्रपट तिच्यात निघाले. टीव्हीसाठी त्यांच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंट काढल्या आणि त्याच जास्त पसरल्या. मूळ रंगीत चित्रपट काळा-पांढरा दाखवत असाल तर तसं सांगा. उलट, मुळातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटाला यंत्राने रंगवलेली प्रत कृपा करून लावूच नका.

आता प्रोजेक्शन. हे चित्रपट १.३७ ला १ या प्रमाणातले, म्हणजे जवळजवळ जुन्या टीव्हीच्या चौकोनाएवढे. रुंद पडद्यावर डावी-उजवीकडे काळे पट्टे राहणारच. ते भरायला चित्र ताणलं की घोडे आखूड पायांचे दिसतात. वरून-खालून छाटलं की टोप्या जातात, आणि या चित्रपटांत कोण कोण आहे हे लांबच्या शॉटमध्ये टोपीवरूनच ओळखायचं असतं. प्रोजेक्टरमधली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, धार वाढवणारी आणि फिल्मचे कण (ग्रेन) पुसणारीही. फाइल अमेरिकी टीव्हीच्या मापाची असेल तर धावत्या घोड्याच्या पायांवर कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात. त्या घालवायला साधं डी-इंटरलेस (आडव्या रेषा मिटवणारी सोय) लावलं तर बारकावा निम्मा होतो. योग्य उपाय म्हणजे टेलिसिनी (फिल्म टीव्हीसाठी उतरवताना चौकटींची केलेली फेरजुळणी) उलटवून मूळच्या २४ चौकटी परत मिळवणं. ते काम आदल्या आठवड्यात करा, कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाही.

दोन गोष्टी दोष वाटतात पण दुरुस्त करायच्या नाहीत. पाठलाग जरा जास्तच वेगात दिसतो, कारण कॅमेरा मुद्दाम सेकंदाला २०-२२ चौकटींवर फिरवलेला असे. तो वेग दिग्दर्शकाने मागितलेला आहे. आणि रात्रीचे प्रसंग भर दिवसा, लाल फिल्टर लावून, कमी प्रकाश घेऊन चित्रित केलेले आहेत. कॉपी करणाऱ्याने “अंधार फार आहे” म्हणून ते उजळवले की भर दुपारी लोक एकमेकांना शुभरात्री म्हणताना दिसतात आणि सभागृहात हशा पिकतो. असे प्रसंग आधी शोधून ठेवा. जमिनीवर काळी, रेखीव सावली आणि आकाश पांढरंफटक असेल तर प्रत उजळवलेली आहे. तेवढ्या प्रसंगांपुरती चमक उतरवून फाइल तयार करा.

आवाज एकाच स्पीकरमधून, मधल्या, द्या. तेव्हाच्या थिएटरच्या यंत्रणा वरचे सूर मुळातच दाबून वाजवत: ५ किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबल खाली. आजच्या सपाट यंत्रणेवर तोच ट्रॅक खरखरतो. उपाय सोपा आहे, ट्रेबल हळूहळू उतरवा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं तर खोगिराची करकर, रिकिबीचा आवाज आणि वर्गातली पाटी-खडूची कुजबुज सगळं बरोबर जातं.

मराठी सबटायटल करणार असाल तर अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठं घ्या आणि दोन ओळींत अंतर जास्त ठेवा. अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि ज्या यंत्रावर दाखवायचं त्याच यंत्रावर जोडाक्षरं तपासा. काही प्लेअर ‘शिक्षिका’चे तुकडे पाडतात. ओळी चित्राच्या चौकोनातच बसवा, काळ्या पट्ट्यांत जाऊ देऊ नका. गाण्यांचंही भाषांतर द्या. गाणाऱ्या गुराख्याच्या चित्रपटात कथेचा बराच भाग गाण्यात असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. पूर्ण प्रिंटमध्ये जे दिसतं त्यासाठी.

शाळा आणि रँच यांचा संबंध अमेरिकेत जमिनीपासूनचा होता. १७८५च्या जमीन अध्यादेशाने सरकारी जमिनीची आखणी सहा मैल बाय सहा मैलांच्या टाउनशिपमध्ये केली; प्रत्येकीत ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. त्यातला सोळावा सेक्शन शाळेसाठी राखीव. १८४८ पासून नव्या प्रदेशांत सोळाव्याच्या जोडीला छत्तिसावाही. पश्चिमेत लोकवस्ती विरळ, त्यामुळे शाळेच्या नावची ही जमीन चराईला भाड्याने जाई आणि त्या भाड्यातून शाळांना पैसा मिळे. रँचवाला आणि मास्तरीणबाई अशा रीतीने एकाच जमिनीचे भागीदार. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे घेऊन शेतकरी कुटुंबं आली, १८७४ साली ग्लिडन यांच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात उघड्या माळावरची गुरं मोठ्या संख्येने मेली. मोकळ्या चराईचे दिवस त्यानंतर सरले. कुटुंबं आली की मुलं आली, मुलं आली की शाळा आली, शाळेबरोबर कुंपण आलं. बी-वेस्टर्नमधला खलनायक शाळेच्या विरोधात का असतो, त्याची मुळं इथे आहेत. ज्याला जमीन मोकळी हवी त्याला शाळा नको असते.

घोडागाडीतून उतरणारी, पूर्वेकडून आलेली शिक्षिका हे पात्र पडद्यावर रुळलं ते मुख्यतः ओवेन विस्टर यांच्या १९०२ च्या ‘द व्हर्जिनियन’ कादंबरीपासून. तिथली मॉली वुड व्हरमाँटहून वायोमिंगला येते. प्रत्यक्षात अशा एकशिक्षकी शाळांतल्या कितीतरी बाई त्याच परिसरातल्या, विशी न ओलांडलेल्या मुली असत. काउंटीच्या अधीक्षकाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायचं, महिन्याला थोडेथोडके डॉलर घ्यायचे, आणि पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांच्या घरी पाळीपाळीने राहायचं. मोठी मुलं फक्त हिवाळ्यात येत, कारण बाकी दिवस ती कामावर. पाच वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचा गडी एकाच खोलीत. आपल्याकडच्या वाडी-वस्तीवरच्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

बी चित्रपटातला वर्ग बघताना मागची भिंत बघा. मधोमध लोखंडी शेगडी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि तिच्यात सगळ्यांचा मिळून एकच डाव, दाराशी हातघंटा, फळा म्हणजे काळ्या रंगाने रंगवलेल्या फळ्या. तोच सेट पुढच्या चित्रपटात चर्च म्हणून येतो, बाक तेच. कला विभागाने पैसे वाचवले, आणि ते खऱ्या आयुष्याशी जुळलं, कारण खऱ्या वस्तीतही एकच इमारत दोन्ही कामांना वापरली जाई.

रँचवरच्या कामाचंही तसंच. डाग देण्याचा प्रसंग पूर्ण प्रिंटमध्ये असेल तर लोखंडाचा रंग पाहा. लालभडक लोखंडाने केस पेट घेतात आणि खूण पसरते. राखेच्या रंगाचं तापलेलं लोखंड तीन ते पाच सेकंद टेकवलं की कातडी खोगिराच्या चामड्यासारखी तांबूस होते, तो डाग पक्का. पडद्यावर वासरू बहुधा चौकटीबाहेर असतं आणि धूर तेवढा दिसतो, पण लोखंड धरणारा माणूस खरा गुराखी आहे की नट, हे त्याच्या हातावरून कळतं. दोर टाकणाऱ्याचंही लक्ष ठेवून पाहा: टेक्सासच्या पद्धतीत दोराचं टोक खोगिराच्या शिंगाला (पुढच्या उंच खुंटीला) आधीच पक्कं बांधलेलं असतं, कॅलिफोर्नियाच्या पद्धतीत वासरू अडकल्यावर दोराचे वेढे शिंगावर घेतात, आणि त्यात अंगठा सापडला तर तो जातो. चित्रपट टेक्सासमध्ये घडतो म्हणतात आणि स्वार वेढे घेतो, म्हणजे शूटिंग आणि स्वार दोन्ही कॅलिफोर्नियाचे. मोठा कळप मात्र जवळजवळ नेहमी उसन्या फुटेजमधला. चित्राचा कण बदलतो, आकाश बदलतं, आणि ते मूकपटातलं असेल तर गुरं जरा लगबगीने चालतात.

एक गोष्ट प्रेक्षकांना आधी सांगितलीच पाहिजे. १९४० पूर्वीच्या चित्रपटांत घोडा पाडण्यासाठी त्याच्या पुढच्या पायांना तार बांधत. ठरावीक अंतरावर तार ताणली जाई आणि घोडा तोंडावर कोसळे. दोन्ही पुढचे पाय एकदम मागे ओढले जाऊन घोड्याने कोलांटी खाल्ली तर ती तार. शिकवलेला घोडा लगामाने मान वळवल्यावर कुशीवर पडतो. १९३९च्या एका मोठ्या चित्रपटाच्या शूटिंगमध्ये घोडा मेल्यावर ओरड झाली आणि १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन या प्राणीहिताच्या संस्थेची देखरेख सुरू झाली. पण जुनं फुटेज नंतरच्या चित्रपटांतही वापरलं गेलं, त्यामुळे १९४५च्या चित्रपटातही तारेने पडलेला घोडा दिसू शकतो. मूळ अमेरिकी रहिवासी, मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय पात्रांची टिंगल हीही या चित्रपटांची कायमची बाजू आहे. ती कापू नका. दोन मिनिटं आधी बोला, आणि नंतरच्या चर्चेत तिला वेळ द्या.

हक्कांबाबत: अमेरिकेत तेव्हा कॉपीराइट २८ वर्षांचा आणि पुढे नूतनीकरणाचा होता. लहान कंपन्यांच्या अनेक चित्रपटांचं नूतनीकरण कोणी केलं नाही, म्हणून ते खुले झाले. नूतनीकरण झालेल्या १९४२च्या चित्रपटाला तिथे ९५ वर्षं, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत संरक्षण आहे. भारतात चित्रपटाची मुदत ६० वर्षांची. तरीही जिथे अधिकृत, पूर्ण लांबीची डिस्क आहे तिथे तीच विकत घ्या आणि परवानगी मागा. पूर्ण निगेटिव्ह सांभाळणाऱ्यांना ते पैसे मिळाले पाहिजेत.

कार्यक्रमाला मध्यंतर ठेवू नका. साठ मिनिटांचा चित्रपट एका बैठकीचा आहे. तिसाव्या मिनिटाला दिवे लावले की नेमका तो शांत मधला भाग मोडतो ज्यासाठी आपण पूर्ण प्रिंट शोधली. वेळ भरायची असेल तर सुरुवातीला एक कार्टून आणि एखाद्या जुन्या मालिकापटाचा १५-२० मिनिटांचा एक भाग लावा. शनिवारच्या मॅटिनीचा क्रम असाच असायचा.

आणि एक गोष्ट तुमच्या छापील पत्रिकेसाठी. चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक तुम्ही देताच. त्याखाली आणखी एक ओळ द्या: मूळ लांबी किती, आज दाखवली जाणारी प्रत किती मिनिटांची, आणि ती कशावरून आली, ३५ मिमी, १६ मिमी की टीव्ही टेप. दोन आकड्यांत फरक असेल तर तोही लपवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या प्रिंट तपासणारे आणि प्रोजेक्शन सांभाळणारे काही जण